एका सजग नागरिकाची हरकत

२ फेब्रुवारी, सकाळी साडेसहा

आजपासून रोजनिशी. काम मोठं आहे आणि मोठ्या कामाची नोंद असावी. पुढेमागे कोणाला बांधकाम परवाना काढायचा झाला तर ही वही उपयोगी पडेल. अर्थात वही कोणाला दाखवायची नाही.

काम असं: तळमजल्यावर आईसाठी एक खोली, खोलीला लागून संडास-बाथरूम. आई नोव्हेंबरात आमच्याच जिन्यावरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले, आता जिना बंद. आमच्याकडे खाली फक्त पुढची खोली आणि स्वयंपाकघर. झोपायचं वर, बाथरूम वर. म्हणून आई सध्या ताईकडे. ताईच्या दोन खोल्या, त्यात आई हॉलमधल्या सोफ्यावर झोपते.

काल फोनवर आईला शब्द दिला. एप्रिल संपायच्या आत तू तुझ्या खोलीत. आई म्हणाली, सावकाश कर. आईला माझा झपाटा माहीत नाही.

परवाना काढणं म्हणजे दिव्य, असं लोक म्हणतात. लोकांना अर्ज लिहिता येत नाहीत एवढाच त्याचा अर्थ. मी पाण्याच्या मीटरच्या कंपनीत तक्रार विभागात सतरा वर्षं आहे. कागद माझ्याशी सुतासारखे सरळ वागतात.

ज्या पायरीवरून आई पडली तिची फरशी दोन वर्षं हलत होती. मी ती बसवून घेणार होतो. असो.

३ फेब्रुवारी

ऑफिसात काम फार. रविवारपासून झपाटा.

७ फेब्रुवारी, रविवार

नकाशे काढणारा माणूस येऊन गेला. बोलतो कमी, मोजतो फार. मी त्याचं नाव मोजपट्टी ठेवलं आहे. घराच्या डाव्या अंगाला आमची जी रिकामी पट्टी आहे तिथेच खोली बसेल म्हणाला. दुसरी जागाच नाही. पट्टीपलीकडे कमरेएवढी भिंत, भिंतीपलीकडे घड्याळवाले काका.

मोजपट्टीने स्वयंपाकघरात येऊन विचारलं की नकाशात या भिंतीला खिडकी दाखवली आहे, ती कुठे आहे. ही म्हणाली, डब्यांच्या मागे. (ही म्हणजे बायको.) गेली सात-आठ वर्षं खिडकीच्या गजांना फळ्या टेकवून तिथे डबे आणि बरण्या ठेवलेल्या आहेत. मोजपट्टी म्हणाला, नवी खोली झाली की खिडकी बुजणार, चालेल ना. मी म्हटलं, खुशाल बुजवा, तिचा कोणाला उपयोग आहे. ही माझ्याकडे बघत राहिली. मी बाहेर येऊन पट्टीतलं गवत उपटलं.

जाताना मोजपट्टी सहज म्हणाला, हद्दीपासून दीड मीटर सोडावं लागतं, तुमच्याकडे तेवढी जागा नाही. पण शेजाऱ्याने ना-हरकत लिहून दिली की सवलत मिळते. शेजाऱ्याशी संबंध बरे आहेत ना?

उत्तम आहेत, म्हटलं. आणि ते खरंच आहे. त्यांच्या बाजूने तर फारच उत्तम.

८ फेब्रुवारी

फाइल आणली. निळी, जाड पुठ्ठ्याची. विभाग पाडायला रंगीत चिठ्ठ्या. पहिल्या चिठ्ठीवर 'ना-हरकत' असं लिहिलं. अक्षर छान आलं. अर्धं काम झाल्यासारखं वाटतं.

१२ फेब्रुवारी, जेवणाची सुट्टी

ताईचा फोन. आईला पहाटे उठवून बाथरूमला न्यावं लागतं, ताईची पाठ धरली आहे. कामाचं कुठवर आलं? मी म्हटलं, फाइल गेली. तांत्रिकदृष्ट्या फाइल गेलीच आहे. घरून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये.

मग आई फोनवर आली. म्हणाली, तुला उगाच दगदग होते माझ्यापायी. डबा शेजारच्या टेबलाला दिला.

उद्या काकांकडे जायचंच. दोन मिनिटांचं काम. 'काका, इथे सही करा.' बस.

१४ फेब्रुवारी, रविवार

गेलो. रिकाम्या हाताने जाणं बरं दिसेना म्हणून बंद पडलेलं मनगटी घड्याळ घेऊन गेलो. काकांनी भिंग डोळ्याला लावलं, घड्याळ उघडलं, माझ्या आईची चौकशी केली, ऑपरेशन कुठल्या पायाचं, रात्री झोप लागते का, सगळं विचारलं. काकूंनी चहा दिला. काका म्हणाले, बुधवारी न्या. पैसे घेणार नाही म्हणाले.

सहीचा विषय निघाला नाही. घड्याळाचा विषय चालू असताना मध्येच सही काढणं शिष्टाचाराला धरून नाही.

१७ फेब्रुवारी

घड्याळ आणलं. सहीचं आज काढणार होतो, पण काकू म्हणाल्या, तुमच्या आई घरी आल्या की मला हाक मारा, मी त्यांना न्हाऊ घालीन. मी घड्याळ मनगटावर बांधून घरी आलो.

रोजनिशी प्रामाणिक असावी. म्हणून एक जुनी बाब एकदाच लिहून टाकतो आणि मग विषय संपवतो.

तीन वर्षांपूर्वी काकांचं बाजारातलं दुकान इमारतीसकट पाडलं गेलं. तेव्हा त्यांनी घराशेजारच्या त्यांच्या पट्टीत कामाची खोली बांधायला घेतली. मोठ्या खिडकीची. घड्याळाच्या कामाला दिवसाचा उजेड लागतो म्हणे. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर विटा चढायला लागल्या. मला वाटलं, आज खोली, उद्या मजला. मग मी बांधकाम खात्याला एक पत्र लिहिलं. नाव घातलं नाही. खाली 'एक सजग नागरिक' अशी सही. नियम, पोटनियम, सगळं घातलं. पंधरा दिवसांत काम थांबलं. कमरेएवढ्या भिंती आणि त्यांतून वर आलेल्या लोखंडी सळया अजून तशाच आहेत. काकू त्यांवर कपडे वाळत घालतात. काका तेव्हापासून बस थांब्यामागच्या इमारतीच्या जिन्याखाली, एका बल्बच्या उजेडात बसतात.

माझ्या बाजूने एवढंच: आमच्या विभागात निनावी तक्रार आली की आम्ही ती थेट टोपलीत टाकतो. मला काय माहीत की जगात कुठे तरी निनावी पत्रं वाचली जातात. टोपलीत जाईल या खात्रीवरच मी ते इतकं मन लावून लिहिलं होतं.

विषय संपला.

२० फेब्रुवारी

विषय संपला असं लिहिल्यापासून तोच डोक्यात आहे.

२१ फेब्रुवारी, रविवार

दुसरं घड्याळ घेऊन गेलो. लग्नातलं. चहा. आईची चौकशी. सही नाही.

इथे एक गोष्ट नमूद करतो. काकांनी दुरुस्त केलेलं पहिलं घड्याळ रोज दहा मिनिटं मागे पडतं. पूर्वी असं होत नसे. त्यांचा हात आता बसत नाही, हे स्पष्ट आहे. म्हणजे खोली झाली असती तरी धंदा फार चालला असता असं नाही. हा विचार सुचल्यावर थोडं हलकं वाटलं. जेवताना पुन्हा जड वाटलं.

२६ फेब्रुवारी

लग्नातलं घड्याळ आणलं. काकांनी मागचं झाकण उलटं बसवलं होतं. मी काही बोललो नाही. मोठं मन लागतं.

२८ फेब्रुवारी, रविवार

घरातली बंद घड्याळं संपली. आईचं गजराचं घड्याळ चालू होतं, त्यातली एक चकती सैल करून नेलं. काकांनी ते कानाला लावलं, हसले आणि म्हणाले, हे तुमच्या आईचं ना, याला मीच दोनदा तेल दिलं आहे. मग बराच वेळ नुसतं हातात धरून बसले. भिंग लावलं, काढलं, पुसलं, परत लावलं.

आपल्या आईचं चालतं घड्याळ बिघडवणारा मुलगा. हे वाक्य खोडणार होतो, पण पेन सुकलं आहे.

६ मार्च, संध्याकाळी सहा

सही मिळाली.

गजराचं घड्याळ आणायला गेलो होतो. निळी फाइल पिशवीत होती, ती जराशी बाहेर दिसत होती. ती दिसावी असा माझा हेतू नव्हता असं म्हणता येणार नाही. काकाच म्हणाले, आईंच्या खोलीचं ऐकलं, आमची सही लागेल ना? कुठे करू? मी चिठ्ठीवर बोट ठेवलं. त्यांनी कागद पार नाकाशी नेला, तरी सही रेघेच्या खाली गेली. वाचलंसुद्धा नाही. काकू म्हणाल्या, घ्या साखर, शुभ काम आहे.

मी साखर खाल्ली. त्या वेळी जमीन दुभंगून पोटात घेती तर बरं, असं वाटलं. पण घरी येऊन शांतपणे विचार केला. त्यांनी सही केली याचा अर्थ त्यांना काही माहीत नाही. माहीत नाही म्हणजे दुःख नाही. दुःख नाही म्हणजे माझा अपराधही तसा नाहीच. हिशोब बरोबर जमतो. झोपेचं मात्र काही जमत नाही.

८ मार्च

रजा टाकून बांधकाम खात्यात. चार नंबरच्या खिडकीत एक बाई बसतात. कपाळावर चष्मा, बोटात रबरी टोपी, कागद उलटायचा वेग असा की पंख्याची गरज नाही. फाइल बघून म्हणाल्या, वा, इतकी व्यवस्थित फाइल या वर्षात आली नाही. मी म्हटलं, सवय आहे. आवक शिक्का बसला.

आईला फोन. आता खरंच गेली फाइल, असं म्हणणार होतो. 'आता खरंच' हे गाळलं.

२२ मार्च

त्रुटीपत्र आलं. माशी शिंकलीच.

पत्राचा मथितार्थ असा की सदर दोन घरांमधल्या हद्दीबाबत एका सजग नागरिकाची हरकत नोंदीवर आहे. त्या हरकतीचा मूळ मजकूरच त्यांनी उतरवून पाठवला आहे: 'या हद्दीलगत दोन्हीपैकी कोणत्याही बाजूस, कोणत्याही कारणास्तव, कोणासही सवलत देण्यात येऊ नये.' हरकत मागे घेतली जात नाही तोपर्यंत अर्ज स्थगित. मुदत तीस दिवस. त्यानंतर अर्ज निकाली.

'दोन्हीपैकी कोणत्याही बाजूस'. हे मी का लिहिलं? निःपक्षपाती दिसावं म्हणून. तक्रारीला वजन येतं. नवीन लोकांना ट्रेनिंगमध्ये मीच हे शिकवतो.

मजकूर मात्र कसलेला आहे. एकही पळवाट ठेवलेली नाही.

२३ मार्च, खिडकी नंबर चार

बाईंना विचारलं, हरकत मागे कशी घेतात? त्या म्हणाल्या, ज्याने घेतली त्याने यायचं, ओळखपत्र दाखवायचं, एक ओळ लिहून द्यायची. पाच मिनिटं. मी म्हटलं, पण ती निनावी आहे. त्या म्हणाल्या, तेच तर. त्या माणसाला तुम्ही ओळखता का?

मी म्हटलं, तोंडओळख आहे.

मग त्याला घेऊन या, म्हणाल्या.

२६ मार्च

मार्ग सापडला. साधा आहे. आधी सुचला नाही याचंच नवल. ज्याने निनावी हरकत घेतली तो निनावीच मागे घेऊ शकतो. 'महोदय, मी तोच सजग नागरिक असून…'

मसुद्याला सुरुवात.

३१ मार्च

मसुदा तिसरा. 'तोच' हे कसं पटवून द्यायचं ही अडचण आहे. पहिल्या पत्रासारखंच वळण हवं, तेच शब्द हवेत. पण मग अक्षर? अक्षर तेच हवं, म्हणजे तोच माणूस कळेल. पण अर्जातलं माझं अक्षरही तेच आहे. डाव्या हाताने लिहून पाहिलं. सजग नागरिकाला झटका आल्यासारखं दिसतं.

ताईचा फोन दोनदा आला. घेतला नाही. मसुद्यात होतो.

६ एप्रिल

पाचवा मसुदा टाइप करून पोस्टाने धाडला. सुटलो.

१२ एप्रिल

बाईंनी पत्र दाखवलं. म्हणाल्या, हे बघा काय गंमत, कोणी तरी निनावी पत्र पाठवून निनावी हरकत मागे घेतो आहे. हे कोणीही लिहू शकतं. मी म्हटलं, पण शैली बघा, तीच आहे. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मला पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग एवढंच म्हणाल्या की मुदत एकवीस तारखेपर्यंत आहे, त्या माणसाला समजावा.

समजावतो आहे.

१६ एप्रिल

उद्या नक्की.

१८ एप्रिल, रविवार

आईला भेटायला ताईकडे. आईने पिशवी भरून सोफ्याशेजारी ठेवली आहे. चार साड्या, औषधं, गजराचं घड्याळ मागे मीच नेऊन दिलं होतं ते. एप्रिल संपत आला म्हणून भरली म्हणे. ताई मला आत नेऊन हळू आवाजात म्हणाली की तिच्या सासूबाई पुढच्या आठवड्यात येणार आहेत, त्यांना नाही म्हणता येत नाही. आई कुठे झोपणार?

आईने मला फक्त एवढं विचारलं की खोलीला खिडकी आहे ना. मी म्हटलं, आहे. ती म्हणाली, मग बास.

येताना रस्त्यात ठरवलं. उद्या सकाळी दहाला चार नंबर. ओळखपत्र खिशात. एक ओळ. फार तर काय होईल, बाई हसतील. बाई हसल्या तर हसू देत.

१९ एप्रिल

सकाळपासून डोकं दुखतं आहे. अंगात कणकण वाटते. थर्मामीटरमध्ये काही दिसत नाही, पण तो जुना आहे.

२० एप्रिल

खात्यापर्यंत गेलो. रांगेत माझ्यापुढे गल्लीतला इस्त्रीवाला उभा होता. त्याच्यासमोर कसं बोलणार? परत आलो. उद्याचा दिवस आहेच.

२१ एप्रिल

ऑफिसात तपासणी. निघता आलं नाही. साहेबांना विचारलं असतं तर सोडलं असतं. विचारलं नाही.

२२ एप्रिल, दुपार

गेलो. ओळखपत्र काचेखालून सरकवलं आणि म्हटलं, 'तो मीच.'

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, 'मुदत काल संपली. अर्ज निकाली निघाला.'

एका दिवसाने. मसुद्यांचे अकरा दिवस गेले, कणकणीचा एक, इस्त्रीवाल्याचा एक.

म्हटलं, तरी हरकत मागे घ्यायची आहे. निदान नव्या अर्जाला नडणार नाही. त्यांनी तीन वर्षांपूर्वीची फाइल मागवली, माझ्यासमोर उघडली आणि कोरा कागद शोधायला आत गेल्या. फाइलमध्ये वर माझं पत्र. त्यात दुसऱ्याच परिच्छेदात मी लिहिलं आहे: 'तक्रारदाराच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मोजले असता सदर भिंतीचे अंतर अवघे सव्वादोन मीटर भरते.' निनावी पत्रात. स्वतःच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून. सतरा वर्षं तक्रारी वाचतो आहे आणि हे मला दिसलं नव्हतं. आमच्या विभागातला शिपाईसुद्धा हे वाचून आमच्या दारात येऊन उभा राहिला असता.

त्याखाली एक कागद. घड्याळवाल्या काकांचं खात्याला उत्तर. बारीक, नीटस अक्षर, सगळ्या ओळी सरळ. जसंच्या तसं उतरवून आणलं आहे:

'तक्रारीत नाव नाही पण खिडकीवरून घर कळते. शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात माझ्या भिंतीने अंधार होत असेल तर मला ती बांधायची नाही. काम मी आपण होऊन थांबवत आहे. चौकशीसाठी कृपया त्यांच्याकडे कोणी जाऊ नये. त्यांना ओशाळल्यासारखे होईल.'

खात्याने काम थांबवलंच नव्हतं. माझी एक ना-हरकत मिळती तर खोली झाली असती, असा खात्यातल्या साहेबांचा शेरा बाजूला आहे. ती मागायला काका कधी आले नाहीत.

बाई कागद घेऊन आल्या. मी एक ओळ लिहिली. खाली सही केली. तीही रेघेच्या खाली गेली.

२३ एप्रिल, सकाळ

हिला सगळं सांगितलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. हिने गॅस बारीक केला आणि म्हणाली, 'ते पत्र पेटीत टाकायला कोणाकडे दिलं होतंस?'

हे मी साफ विसरलो होतो.

मी म्हटलं, मग अडवलं का नाहीस? ती म्हणाली, पाकीट बंद होतं, मला वाटलं ऑफिसचं आहे. काम थांबलं तेव्हा कळलं. तेव्हापासून वाट बघते आहे तू कधी बोलतोस याची.

काकांना उद्या सांगायचं. काय सांगायचं याचे मुद्दे काढले. चार पानं झाली.

२४ एप्रिल, दुपारी तीन

रिक्षा थांबली. वाटलं, ताई आली. खिडकीतून बघतो तर आई. एका हातात वॉकर, दुसरा हात काकूंच्या हातात. आईनेच त्यांना फोन केला होता आणि त्या तिला आणायला गेल्या होत्या. आई आमच्या फाटकापाशी क्षणभर थांबली, मग पुढे जाऊन शेजारच्या फाटकातून आत गेली.

ही धावत गेली. मी मागून. काकू म्हणाल्या, आमची मागची खोली खालीच आहे, बाथरूम लागून आहे, तुमचं काम होईपर्यंत राहू देत, मलाही सोबत. आईने मला जवळ बोलावून पाठीवरून हात फिरवला आणि वाळलास म्हणाली. मुद्द्यांची चार पानं खिशात होती. मुद्दा एकही निघाला नाही.

घरी येऊन स्वयंपाकघरातले डबे आणि बरण्या एकेक करून खाली काढल्या, फळ्या काढल्या आणि खिडकी उघडली. आठ वर्षांनी. इतका उजेड आला की ओट्याच्या कडेला साचलेला चिकट थर दिसायला लागला. ही चिंधी घेऊन घासायला बसली. समोर, सळयांच्या आणि वाळत घातलेल्या कपड्यांच्या मधून, काकांची मागची खोली सरळ दिसते. आई पिशवीतून साड्या काढून घडी करत होती. बराच वेळ बघत उभा राहिलो. तिच्या खोलीला खिडकी आहे.

२५ एप्रिल, रविवार, सकाळी नऊ

आज जाऊन आलो. हातात घड्याळ नाही, फाइल नाही.

समोरच्या दाराने जायचा धीर झाला नाही म्हणून बाजूच्या पट्टीतून, त्या अर्धवट भिंतींमधून, मागच्या खोलीच्या खिडकीशी गेलो. काका खिडकीत लहान टेबल मांडून बसले होते. शेजारी खुर्चीवर आई. काकांच्या हातात कोणाचं तरी घड्याळ उघडलेलं, आणि आई चिमट्याने बशीतला एकेक स्क्रू उचलून त्यांच्या बोटांत देत होती. आईचे मोतीबिंदू दोन वर्षांपूर्वी काढलेत, तिला सुईत दोरा ओवता येतो.

चार पानांतलं एक वाक्य आठवेना. मी म्हटलं, 'काका, तीन वर्षांपूर्वीची ती तक्रार मी केली होती.'

'हो,' काका म्हणाले. माझ्याकडे बघून हसलेसुद्धा. जरा बाजूला बघत हसले, मी उभा होतो त्याच्या थोडं डावीकडे.

आई बशीतून मान वर न करता म्हणाली, 'मला वाटलं होतं महिन्याभरात सांगशील.'

तिलाही माहीत होतं. काकांनी खात्याला उत्तर लिहिण्याआधी तिला विचारलं होतं. तीच म्हणाली होती की त्याला काही बोलू नका, तो स्वतः येईल. आणि मग जिन्यावरून पडेपर्यंत ती आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहिली, माझ्यासमोर बसून रोज जेवली, आणि वाट बघत राहिली.

मी घाईघाईने सांगायला लागलो. हरकत काढून घेतली आहे, माझी ना-हरकत आत्ता देतो, लेखी देतो, काका, तुम्ही खोली बांधायला घ्या, अर्ज मी लिहितो, अशी मोठी खिडकी करू. काका ऐकत होते. मग म्हणाले की आता ती खोली नको. त्या जिन्याखाली बल्बच्या उजेडात तीन वर्षं काढली, बारीक काम दिसेनासं झालं, गेलं वर्षभर नुसत्या अंदाजाने बसवत होतो. महिनाअखेर जागा सोडतो आहे. लोकांची राहिलेली ही सात-आठ घड्याळं तेवढी आईंच्या मदतीने पुरी करून द्यायची. तुमचं ते दहा मिनिटं मागे पडणारंही आणा, म्हणाले.

मी त्यांना ते कधी सांगितलं नव्हतं. म्हणजे बसवलं तेव्हाच त्यांना कळलं होतं की नीट बसलेलं नाही.

मला बोलायचं होतं. काय ते कळत नव्हतं, पण काही तरी बोलल्याशिवाय तिथून हलणं शक्य नव्हतं. म्हणून मी खिडकीचे गज धरून उभा राहिलो. काकांनी स्क्रू जागेवर लावून पाहिला, तो निसटला. परत लावला, परत निसटला.

आईने चिमटा खाली ठेवला.

'बाजूला हो रे जरा,' ती म्हणाली. 'त्यांचा उजेड अडतोय.'